१४० पेपरचे सर की १७ पेपरच्या मॅडम?

ताई,

मी मिरजेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे दुखापतीनंतर किंवा आजारानंतर पेशंटला रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठी काम करते. मास्टर्स मुंबईला झालं, लग्नानंतर इकडे आले. आमच्याकडे हाताच्या दुखापतीचे पेशंट खूप येतात. कडबाकुट्टीत बोटं गेलेले, गुऱ्हाळाच्या चरकात हात सापडलेले, ऊस तोडताना कोयता लागलेले. हात योग्य जागी धरून ठेवणारे त्यांचे स्प्लिंट मी स्वतः बनवते. गेल्या सहा वर्षांच्या फायली नीट ठेवल्या आहेत. या भागात ओटी म्हणजे काय हे कोणाला माहीत नाही, सगळे मला फिजिओच समजतात.

आता पीएच.डी. करायची आहे, पुढे शिकवायचं आहे. गाईड म्हणून दोन नावं समोर आहेत. एका सरांचे वीस वर्षांत १४० पेपर आहेत : गुडघा, मान, पाठ, शाळेतली मुलं, कॉम्प्युटरवर बसणारे, सगळ्यांवर. दुसऱ्या मॅडमचे १७, जवळजवळ सगळे लकव्यानंतरच्या हातावर. ओळखीतले सगळे म्हणतात सरांकडे जा, तुझीही यादी वाढेल.

माझे स्वतःचे चार पेपर आहेत. पहिले दोन माहेरच्या नावावर. सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या पेपरांत झालेले उल्लेख, ११, ६, २ आणि ०. शेवटचे दोन मी पैसे भरून, आठवड्यात छापून देतात अशा ठिकाणी दिले होते. मध्यंतरी एकाचा फोन आला : १८ हजारांत, स्कोपस या सूचीतल्या नियतकालिकातल्या पेपरवर लेखक म्हणून दुसरं नाव. यजमान म्हणतात, घेऊन टाक, सगळेच घेतात. सासरे म्हणतात, पेपर छापून पेशंटला काय मिळतं? दोघांनाही मला उत्तर देता आलं नाही.

एक ओटी, मिरज

---

यजमानांचं उत्तर आधी देते, त्याला फार वेळ लागणार नाही. ते नाव घेऊ नका.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. लेखक कोणाला म्हणायचं, याच्या चार अटी तिने घालून दिल्या आहेत. अभ्यासाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात मोलाचा वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा बारकाईने तपासण्यात हात हवा. छापायला जाणाऱ्या शेवटच्या प्रतीला संमती हवी. आणि उद्या कोणी शंका काढली तर तिचं उत्तर देण्याची जबाबदारी घ्यायला हवी. यातली एखादी पुरत नाही, चारही लागतात. मला चौथी सगळ्यांत महत्त्वाची वाटते. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, शिवल्यावर बोट कितव्या दिवशी हलवायला सुरुवात केली, हे तुमच्या नावाखाली छापलेलं असेल आणि कुठला तरी नवा थेरपिस्ट ते वाचून तसंच करणार असेल, तर त्याच्या प्रश्नाला तुम्हाला उत्तर देता यायला हवं. विकत घेतलेल्या नावामागे असं उत्तर नसतं.

धोकाही खरा आहे. हिंदावी या प्रकाशकाने एकट्या २०२३ सालात आपल्या नियतकालिकांतले ८,००० हून जास्त पेपर मागे घेतले. आपल्या क्षेत्रातल्या ‘ऑक्युपेशनल थेरपी इंटरनॅशनल’मधलेही त्यांत होते. मागे घेतलेला पेपर पुसला जात नाही. शीर्षकावर तशी खूण पडते आणि लेखकांच्या नावांसकट तो कायम दिसत राहतो. स्कोपसचंही तसंच, आज आत असलेलं नियतकालिक उद्या बाहेर काढलं जाऊ शकतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, मान्य नियतकालिकांच्या केअर यादीच्या भरवशावर अनेकांनी पेपर दिले, ती यादीच बंद करत असल्याचं आयोगाने २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. यजमानांना हेही सांगा की सगळे घेत नाहीत. निवड समितीत उमेदवाराला त्याच्याच पेपरमधला एक तक्ता समजावून सांगायला सांगितलं, की काम कोणी केलंय ते लगेच कळतं. प्रामाणिक मुलं त्या प्रश्नाला खुलतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता सर आणि मॅडम.

नियम काय म्हणतो ते आधी बघा. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापकाला गाईड होण्यासाठी पीएच.डी. आणि तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकांतले किमान ५ पेपर लागतात, सहायक प्राध्यापकाला ३. म्हणजे पेपरांच्या बाबतीत मॅडमना काहीच कमी नाही. एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगीला ६ आणि सहायकाला ४ विद्यार्थी घेता येतात. सरांकडे आज किती जागा भरल्या आहेत, हे विचारायला संकोच करू नका. त्याच नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही जुनी सक्तीही काढली. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल, तर ती आधी वाचून घ्या. पण ‘यादी वाढेल’ हे गाईड निवडण्याचं कारण होऊ नये.

मग यादी बघायची कशी? दोघांच्या याद्या छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. जुन्यातला जुना पेपर वर, नवा खाली. प्रत्येकापुढे लिहा : कोणता प्रश्न विचारला होता, किती पेशंट होते, किती काळ पाहिलं, उत्तर काय आलं, आणि नाव कितवं आहे. आपल्या क्षेत्रात साधारणपणे पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं त्याला वाट दाखवणाऱ्याचं असतं. विद्यार्थ्याच्या प्रबंधातून निघालेल्या पेपरवर पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे की गाईडचं, एवढ्यावरून तुम्हाला त्या घरातली रीत कळेल.

वीस वर्षांत १४० म्हणजे वर्षाला ७. त्यात अशक्य काही नाही. दरवर्षी हाताखाली पुरेसे मास्टर्सचे विद्यार्थी असले की तेवढे प्रबंध होतात, आणि प्रबंध कपाटात पडून राहण्यापेक्षा छापलेले बरे. पण आपल्याकडच्या पुनर्वसनाच्या संशोधनाला एक साचा पडून गेला आहे, तो तुमच्याही ओळखीचा असेल. ‘अमुक व्यायामाचा तमुक पेशंटवरील परिणाम’, तीस पेशंट, चार आठवडे, फायदा दिसला. पुढच्या वर्षी व्यायाम तोच आणि दुखणं नवं, किंवा दुखणं तेच आणि व्यायाम नवा. प्रत्येक वेळी फायदाच. चार आठवड्यांनंतर त्या तीस माणसांचं काय झालं, ते कोणी विचारलेलं नसतं. सरांची यादी वाचताना हेच शोधा : एखादा प्रश्न दोनदा, तीनदा, जास्त खोलात जाऊन विचारला आहे का? कधी एखादा उपाय लागू पडला नाही, असं लिहिलं आहे का? वीस वर्षांत एकदाही अपयश छापलं नसेल, तर मी त्या यादीवर पटकन विश्वास ठेवणार नाही.

प्रश्नाचा पाठपुरावा म्हणजे काय, ते एका खऱ्या यादीवरून सांगते. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फ्लोरेन्स क्लार्क आणि त्यांच्या गटाचा एक पेपर १९९७ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आला. लॉस एंजेलिसमध्ये स्वतंत्र राहणारे ३६१ वृद्ध आणि त्यांचे तीन गट. एकाला ऑक्युपेशनल थेरपी मिळाली, दुसऱ्यासाठी नुसते एकत्र जमून वेळ घालवण्याचे कार्यक्रम ठेवले, तिसऱ्याला वेगळं काहीच नाही. नऊ महिन्यांनी ओटीच्या गटाची तब्येत, रोजची कामं, जगण्यातलं समाधान उरलेल्या दोघांपेक्षा सरस निघालं. नुसतं जमवून गुंतवून ठेवल्याने तसा फरक पडला नव्हता. अर्थ असलेल्या कामातून माणसाची तब्येत सुधारते, या ज्या समजुतीवर आपल्या सगळ्या विद्येचा पाया आहे, तिला त्या पेपरने आधार दिला.

तिथे त्या थांबल्या नाहीत. थेरपी बंद झाल्यावर हा फायदा टिकतो का, हे सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं आणि २००१ मध्ये छापलं. मग खर्चाचा हिशेब मांडला. मग वेगवेगळ्या थरांतल्या ४६० वृद्धांवर तोच उपाय पुन्हा करून बघितला, तो पेपर २०१२ चा. एकेक पेपर आधीच्या पेपरातून उठलेल्या शंकेचं उत्तर आहे. अशी यादी हातात आली की लेखकाचं डोकं कसं चालतं ते दिसतं. मॅडमच्या १७ पेपरांत अशी साखळी आहे का ते बघा. लकव्यानंतरचा हात हा एकच विषय धरला म्हणजे साखळी झालीच असं नाही, एकाच जागी घोटाळणंही असू शकतं.

आणखी एक तपासणी आहे, ती फारसं कोणी करत नाही. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया २००७ पासून आहे, कोणालाही उघडून बघता येते. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते. दोघांच्या अलीकडच्या चाचण्या तिथे शोधा. काय मोजणार म्हणून नोंदवलं होतं आणि छापताना काय पुढे आणलं, हे शेजारी ठेवून वाचा. नोंदवलं होतं पकडीची ताकद आणि पेपरमध्ये ठळक केलं वेदना कमी झाली, असं सापडलं तर ताकद वाढली नव्हती का, हा प्रश्न सरळ विचारण्यासारखा आहे.

पेपर किती आणि त्यांचे उल्लेख किती हे एकाच आकड्यात सांगणाऱ्या एच-इंडेक्सबद्दल थोडक्यात. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये सुचवला. तुमचा आज २ भरतो, कारण किमान दोनदा उल्लेखलेले किमान दोन पेपर तुमच्याकडे आहेत आणि तीनदा उल्लेखलेले तीन नाहीत. पुनर्वसनाचं क्षेत्र लहान, लिहिणारे थोडे, म्हणून इथले आकडे हृदयरोगाच्या आकड्यांशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या पेपरांचे सरासरी किती उल्लेख होतात यावरून, माणसाचं काम तोलू नये, असं २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलं आहे आणि जगभरच्या हजारो संस्थांनी त्यावर सही केली आहे. यापेक्षा जास्त वेळ त्या आकड्याला देऊ नका.

तुमच्या चार पेपरांचं बघू. पहिले दोन माहेरच्या नावावर आहेत म्हणजे शोधणाऱ्याला तुम्ही दोन वेगळ्या बायका दिसता. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, कधी पहिलंही, आणि त्यामुळे कितीतरी मुलींचं सुरुवातीचं काम हरवून जातं. ऑर्किड (ORCID) या संशोधकांची ओळख नोंदवणाऱ्या संकेतस्थळावर सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो. आजच काढा, दोन्ही नावं त्याला जोडा, आणि यापुढे छापताना कोणतं नाव वापरायचं ते एकदाच ठरवून टाका. माझं विचाराल तर माहेरचंच चालू ठेवा. बँकेत आणि रेशनकार्डावर कोणतंही असो.

शेवटचे दोन. ते यादीतून काढू नका. काढले आणि कोणाला सापडले, तर लपवल्यासारखं होईल. जिथे छापले तिथलं नाव आणि वर्ष सरळ लिहा. तीच माहिती थोडी फिरवून दुसरीकडे पुन्हा छापायचा मोह होईल, तो टाळा. एकच अभ्यास दोन ठिकाणी छापणं हा वेगळा गुन्हा आहे. मुलाखतीत कोणी विचारलं, तर सांगा की तिथे तज्ज्ञांकडून नीट तपासणी झाली नव्हती, आज मी तो अभ्यास असा असा केला असता. त्या ‘असा असा’मध्ये दम असला की समिती ऐकून घेते. तुमचं ११ सायटेशन्सचं काम लोकांनी वापरलेलं आहे, बोलायला सुरुवात तिथून करा.

आणि आता त्या फायली. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत मोलाची वाटली ती हीच गोष्ट, आणि तुम्ही ती एका ओळीत सांगून पुढे गेलात.

कडबाकुट्टीत हात सापडलेला माणूस, त्यानंतर त्याची थेरपी, स्प्लिंट, आणि तो परत कोणत्या कामाला लागला, अशी सहा वर्षांची नोंद एका ठिकाणी असणं दुर्मीळ आहे. शल्यचिकित्सकांकडे टाक्यांपर्यंतची नोंद असते. कारखान्याकडे किंवा शेतमालकाकडे असली तर भरपाईची. त्यानंतर त्या हाताला धार काढता येते का, भाकरी थापता येते का, मोटारसायकलचा क्लच दाबला जातो का, हे फक्त तुमच्या टेबलावर कळतं. पीएच.डी.चा प्रश्न इथूनच काढा, आणि तो अरुंद ठेवा. ‘शेतीतील हाताच्या दुखापतींचे पुनर्वसन’ हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्न असा असू शकेल : यंत्रात हात सापडलेल्या शेतकऱ्यांपैकी कितीजण सहा महिन्यांत पूर्वीच्याच कामाला परतले, आणि थेरपी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली होती की नंतर, याने फरक पडला का?

असा प्रश्न घेतला की एक अडचण लगेच पुढे येईल. ऊसतोडीला आलेली टोळी हंगाम असेतो असते. कारखान्याचा पट्टा पडला की मुकादम टोळी घेऊन बीडकडे परततो, आणि तुमचा पेशंट स्प्लिंट घालूनच त्याच्याबरोबर जातो. पुढची नोंद तिथे तुटते. राहतात ते इथले स्थानिक, ज्यांच्याकडे थोडी जमीन आहे, घरचं कोणी सोबत येणारं आहे. फक्त त्यांच्यावरून निष्कर्ष काढला तर सगळं आहे त्यापेक्षा चांगलं दिसेल. म्हणून जे तुटले ते किती, कोण, कोणत्या महिन्यात, हे पेपरमध्ये स्वतंत्र मांडा. फोनवरून पाठपुरावा जमेल का, ते पुढच्या हंगामासाठी आतापासून ठरवा. हे एवढं लिहिणारे फार थोडे असतात, आणि जाणता तपासनीस आधी तेच शोधतो.

मोजायचं कशाने, हाही खरा प्रश्न आहे. हातासाठी जगभर वापरली जाणारी डॅश नावाची ३० प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिच्यात जोर लागणाऱ्या विरंगुळ्याची उदाहरणं म्हणून गोल्फ आणि टेनिस येतात. तासगावच्या बेदाणा निवडणाऱ्या बाईला ती वाचून दाखवली तर काय होईल, ते तुम्हाला ठाऊक आहे. १९९१ साली छापलेलं कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर, म्हणजे आपलं सीओपीएम, यासाठी जास्त बरं. त्यात पेशंटच सांगतो की त्याला कोणती कामं अडतात, त्यातली महत्त्वाची निवडतो, आणि ती किती जमतात व त्याबद्दल किती समाधान आहे याला दहापैकी गुण देतो. दोन्ही वापरा. आणि इथल्या बायका-पुरुषांनी कोणती कामं सांगितली त्याची नोंद वेगळी ठेवा. भाकरी, धार, निऱ्या घालणं, हळदीची पोती उचलणं, खुरपं धरणं. सांगली-साताऱ्याच्या हाताची कामं कोणती, हा एक स्वतंत्र पेपर होईल आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासाला लागेल.

थेरपी काय दिली ते सविस्तर लिहा. ‘नेहमीचे व्यायाम व स्प्लिंट’ असं लिहिलेले पेपर वाचून कोणालाही काही करता येत नाही. यासाठी टायडिअर नावाची बारा मुद्द्यांची यादी २०१४ पासून आहे : काय दिलं, कोणी, कुठे, किती वेळा, किती वेळ, मध्येच काय बदललं. स्प्लिंट कशाचा, कोणत्या कोनात, रात्री की दिवसभर, आणि उन्हाळ्यात घामाने लोक तो काढून ठेवतात का, हेसुद्धा. तुम्ही तो हाताने बनवता. तुमच्याइतकं नेमकं ते कोण लिहिणार?

फायली उघडण्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्या. जुन्या नोंदी आहेत, पेशंट कुठे निघून गेले, म्हणून परवानगी नको असं नाही. संमतीतून सूट मिळू शकते, पण ती द्यायची की नाही हे कमिटी ठरवते. फोटोंची विशेष काळजी घ्या. चेहरा झाकला की झालं, असं समजून लोक हाताचे फोटो छापतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या हातावर गोंदण असतं, कधी नवऱ्याचं नाव असतं. गावातलं कोणीही तो हात ओळखेल.

सासऱ्यांचा प्रश्न मला आवडला. पेशंटला काय मिळतं? त्यांना दोन गोष्टी सांगा.

पहिली कडबाकुट्टीचीच. दिल्ली आयआयटीतल्या दिनेश मोहन यांच्या गटाने उत्तर भारतातल्या खेड्यांत शेतीच्या यंत्रांच्या अपघातांची पद्धतशीर नोंद केली. कडबाकुट्टीत कोणाचा हात कसा जातो, लहान मुलांचा कसा जातो, हे मोजलं. त्यावरून यंत्राची सुरक्षित रचना सुचवली. मोजलं नसतं तर दोष दरवेळी हात घालणाऱ्याच्याच माथी बसला असता. मळणीयंत्रांसारख्या धोकादायक यंत्रांसाठी आपल्याकडे १९८३ चा कायदाही आहे. तुमच्या फायलींत अपघात कसा झाला हे लिहिलेलं असेल, तर ते थेरपीइतकंच महत्त्वाचं आहे. संध्याकाळी अंधारात, लाईट आल्यावर घाईने, ओला चारा अडकल्यावर हाताने ढकलताना, जे असेल ते.

दुसरी गोष्ट लकव्याची. आपल्याकडे थेरपिस्ट कमी, म्हणून घरच्यांनाच शिकवावं आणि त्यांनी घरी करून घ्यावं, ही कल्पना सगळ्यांना पटणारी आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० पेशंटवर ती तपासली गेली. अटेंड नावाचा तो अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के माणसं एकतर दगावली होती किंवा दुसऱ्यावर अवलंबून होती. नेहमीच्या उपचारांवर वाढवलेल्या या शिकवणीने फरक पडला नव्हता. ते जसंच्या तसं छापलं गेलं, म्हणून आज कोणी घरच्या बाईच्या खांद्यावर हे ओझं आणखी टाकून वर ‘पुनर्वसन झालं’ म्हणू लागला, तर त्याला अडवायला आपल्या हातात काही आहे. तुमच्या सासऱ्यांच्या पिढीने घरातली अशी आजारपणं काढली आहेत, त्यांना हे चटकन समजेल.

ओटी कोणाला माहीत नाही म्हणता, तर शेजारच्या सातारा जिल्ह्याकडे बघा. फलटणला कमला निंबकर यांच्या नावाची शाळा आहे. मूळच्या अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरात आलेल्या या बाईंनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये भारतातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. देशभरच्या ओटींची संघटना १९५२ ची, आणि त्याच साली स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या पहिल्या दहा सदस्य देशांत भारत होता. त्या संघटनेचं ‘इंडियन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’ आजही निघतं. तुमचा पहिला नीट पेपर मी तिथे पाठवला असता, कारण त्याचे खरे वाचक इथले थेरपिस्ट आहेत. स्प्लिंटचा तपशील भक्कम जमला तर ‘जर्नल ऑफ हँड थेरपी’कडे बघा. कुठेही पाठवा, आठवड्यात होकार आला तर सावध व्हा. तपासनीसांची टिपणं यायला महिने लागतात, आणि ती टिपणं हेच तुमचं फुकटचं शिक्षण असतं.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते : तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून मी मॅडमकडे गेले असते. लकव्याचा हात आणि कापलेला हात यांची कारणं वेगळी, पण हाताचं काम मोजायचं कसं, हा अभ्यास दोन्हीकडे एकच आहे आणि तो त्यांनी वर्षानुवर्षं केला आहे. दुखापतीच्या बाजूसाठी मिरज-सांगलीत हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एखाद्या सर्जनना सहमार्गदर्शक म्हणून विचारा, विद्यापीठाची परवानगी असेल तर. मिरजेइतकी दवाखान्यांची दाटी दुसरीकडे सापडणं कठीण, आणि तुमच्या फायलींतले अर्धेअधिक पेशंट त्यांच्याकडूनच आलेले असतील.

पण ठरवण्याआधी दोघांनाही भेटा. सरांच्या यादीत एखादी चांगली साखळी दडलेली असेल, तर ती तुम्हाला पेन्सिलने सापडेल, आणि तसं झालं तर माझं मत बाजूला ठेवा. दोघांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना गाठून विचारा : प्रबंध किती वर्षांत झाला, मसुदा परत यायला किती दिवस लागायचे, पेपरवर पहिलं नाव कोणाचं आलं, अर्ध्यात किती जणांनी सोडलं. भेटीला जाताना पेपरांची यादी पुढे करू नका. तुमचा प्रश्न, किती फायली, त्यांत काय नोंदवलंय, काय नोंदवलेलं नाही, हे दोन पानांत लिहून न्या. ती पानं वाचून जो तुम्हाला ‘ऊसतोडीचे जे निघून गेले त्यांचं काय?’ असं विचारेल, त्याच्याकडे नाव नोंदवा. जाण्याआधी ती दोन पानं मला पाठवलीत तर मी वाचून, खुणा करून परत देईन.